रेक्टिफायरचा फ्यूज दर आठ-दहा दिवसांनी, तोही मध्यरात्रीनंतरच उडतो: आमच्या हायड्रोजन प्लांटवर कारण कुठे सापडलं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमच्याकडे हेच चाललंय का ते लगेच कळेल.

इलेक्ट्रोलायझरला (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राला) डीसी देणारा थायरिस्टर रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारं यंत्र, दिवसभर पूर्ण लोडवर शांत चालतो. तापमान ठीक, पाण्याचा फ्लो ठीक, डीसी करंट स्थिर. रात्री दीड ते चारच्या दरम्यान कधीतरी "फ्यूज फेल" येऊन ट्रिप होतो. दार उघडून बघावं तर एका सेमीकंडक्टर फ्यूजची लाल पिन बाहेर आलेली, मायक्रोस्विच दाबलेला. थायरिस्टर मीटरवर तपासला तर चांगला. नवा फ्यूज लावला की मशीन पुन्हा सुरू. मग आठ-दहा दिवस काही नाही आणि पुन्हा एके रात्री फोन.

आमच्याकडे पाच आठवड्यांत चार वेळा असं झालं. कारण रेक्टिफायरमध्ये नव्हतंच. ते वीस फुटांवरच्या एपीएफसी पॅनेलमध्ये (गरजेप्रमाणे कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पॅनेलमध्ये) होतं, आणि ते आम्हीच जून महिन्यात केलेल्या एका चांगल्या कामातून तयार झालं होतं. हा सगळा प्रवास सविस्तर लिहितोय, कारण ज्या ज्या ओळखीच्या लोकांशी बोललो त्यांतल्या बहुतेकांनी अशा वेळी फ्यूज, थायरिस्टर, पल्स कार्ड (थायरिस्टर पेटवणारं, म्हणजे चालू करणारं कार्ड) याच क्रमाने पैसे घालवलेत. आम्हीही घालवले.

प्लांटची माहिती

आमचा कारखाना तेल हायड्रोजनेट करणारा, एमआयडीसीतला. हायड्रोजन जागेवरच तयार करतो. अल्कलाइन स्टॅक, शंभर सेल एकामागे एक, साधारण २४०० अँपिअर आणि २०० व्होल्ट डीसी. एक घनमीटर हायड्रोजनला एका सेलमधून सुमारे २३९० अँपिअर-तास लागतात, हा फॅरेडेचा हिशोब. म्हणजे शंभर सेल आणि २४०० अँपिअर म्हटले की तासाला शंभर घनमीटर, आणि वीज सुमारे ४८० किलोवॅट.

रेक्टिफायर सहा-पल्स फुल ब्रिज आहे. प्रत्येक आर्ममध्ये (ब्रिजच्या सहा फांद्यांपैकी एकेकीत) दोन थायरिस्टर पॅरलल, प्रत्येकाला स्वतंत्र १००० अँपिअरचा फास्ट फ्यूज. म्हणजे बारा थायरिस्टर, बारा फ्यूज. रेक्टिफायर ट्रान्सफॉर्मरला पुरवठा ४३३ व्होल्टच्या मुख्य बसवरून (सगळ्या लोडना वीज वाटणाऱ्या पट्ट्यांवरून). ती बस १६०० केव्हीएच्या ११ केव्ही ट्रान्सफॉर्मरवर, आणि त्याच बसवर रिफायनरीच्या मोटारी, कॉम्प्रेसर, पॅकिंग आणि एपीएफसी.

रिफायनरी दोन पाळ्यांत चालते, रात्री अकराला बंद होते. पॅकिंग आणि कॉम्प्रेसर आवरायला साडेबारा-एक वाजतात. त्यानंतर बसवर जवळजवळ एकटा रेक्टिफायर उरतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ट्रिपला किरकोळ का समजू नये

फ्यूज बदलून अर्ध्या तासात मशीन सुरू होतं म्हणून उत्पादनवाले हे गांभीर्याने घेत नाहीत. पण स्टॅकचं जे होतं ते डोळ्यांना दिसत नाही. करंट एकदम शून्यावर गेला की हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाजूंचा दाब सांभाळणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हची धावपळ होते. लेव्हल हलते, डायफ्रामवर ताण येतो. शिवाय बायपोलर स्टॅकमध्ये सगळ्या सेलची लाय (अल्कलीचं द्रावण) एकाच मॅनिफोल्डमधून फिरते. करंट बंद झाल्यावर सेलमध्ये उरलेला वायू आणि हा लायचा सामाईक रस्ता मिळून उलटा करंट वाहतो आणि कॅथोडचं ऑक्सिडेशन होतं. नियोजित बंद करताना आपण करंट हळूहळू उतरवतो, दाब सांभाळतो, नायट्रोजन देतो. ट्रिपमध्ये यातलं काहीच होत नाही.

पुन्हा सुरू करतानाही घाई होते. कमी करंटवर ऑक्सिजनमध्ये हायड्रोजनचं प्रमाण वाढतं, कारण वायूनिर्मिती कमी होते पण डायफ्राममधून होणारी गळती तेवढीच राहते. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून पेट घेऊ शकतो. म्हणून आमचा अ‍ॅनालायझर २ टक्क्यांवरच ट्रिप देतो. रात्री तीन वाजता एकटा ऑपरेटर हे सगळं सांभाळत असतो. म्हणून मी म्हणतो, महिन्यात चार ट्रिप म्हणजे चार फ्यूजचा खर्च असं समजू नका.

आम्ही काय काय बदललं

पहिल्या वेळी फ्यूज बदलला. दुसऱ्या वेळी फ्यूजच्या कंपनीवर शंका घेतली आणि बारापैकी सहा फ्यूज दुसऱ्या मेकचे लावले. तिसऱ्या वेळी त्या आर्मचे दोन्ही थायरिस्टर बदलले, हीट सिंकवर नवी पेस्ट लावून, क्लॅम्पचा दाब गेजने बघून. पुरवठादाराच्या सांगण्यावरून पल्स कार्डही बदललं. चौथा फ्यूज नव्या कार्डवर उडाला.

त्या रात्री मी लॉगबुक घेऊन बसलो आणि चारही नोंदी एका कागदावर लिहिल्या: तारीख, वेळ, कोणता आर्म, डीसी करंट, बसचं व्होल्टेज. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

दोन गोष्टी लगेच दिसल्या. चारही फ्यूज वेगवेगळ्या आर्मचे होते. आणि बसचं व्होल्टेज प्रत्येक वेळी ४३५ च्या पुढे होतं.

पहिली गोष्ट फार मोलाची आहे. एकाच आर्मचा फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर दोष त्या आर्ममध्ये शोधा: तिथला थायरिस्टर, तिथला स्नबर, तिथली गेट वायर, तिथला ढिला जॉइंट. आर्म बदलत असेल तर दोष अशा ठिकाणी आहे जिथून सगळ्या आर्मना काहीतरी एकत्र मिळतं. म्हणजे पल्स कार्ड, त्याचा सिंक सिग्नल, त्याचा पॉवर सप्लाय, किंवा खुद्द बस. कार्ड बदलून झालं होतं. राहिला सिंक सिग्नल आणि बस.

तिसरी गोष्ट रात्रपाळीच्या ऑपरेटर काकांनी सांगितली. मी त्यांना विचारलं, "काका, ट्रिपच्या आधी काही वेगळं जाणवतं का?" ते म्हणाले, "ट्रिपच्या आधीच असं नाही साहेब. पण एक वाजून गेला की ट्रान्सफॉर्मरचा सूर बदलतो. दिवसा तो गुणगुणतो, रात्री जरा किरकिरा घुमतो. मला वाटलं थंडीमुळे असेल."

दुसऱ्या रात्री मी दीड वाजता यार्डात जाऊन उभा राहिलो. काकांचं म्हणणं खरं होतं. नेहमीच्या जाड गुणगुणीवर एक बारीक, धातूवर धातू घासल्यासारखा सूर चढला होता. मी एपीएफसी रूममध्ये गेलो. रिलेच्या डिस्प्लेवर पॉवर फॅक्टर ०.९९ होता, म्हणजे सगळं उत्तम. कपॅसिटरच्या कप्प्याच्या जाळीजवळ हात नेला तर मात्र दिवसापेक्षा जास्त गरम हवा येत होती. लोड कमी, तरी कपॅसिटर जास्त गरम. तिथेच मला पहिल्यांदा हार्मोनिकची, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या जादा लहरींची, शंका आली.

मोजमाप

भाड्याने पॉवर अ‍ॅनालायझर आणला आणि आठ दिवस मुख्य बसवर लावून ठेवला. दर मिनिटाला नोंद. सोबत एपीएफसीच्या इनकमरवर करंट क्लॅम्प. तुम्ही हे करणार असाल तर एकच आग्रह: दिवसा दोन तास लावून रिपोर्ट घेऊ नका. आमच्याकडे वर्षापूर्वी असा दोन तासांचा दिवसाचा हार्मोनिक रिपोर्ट झाला होता आणि त्यात सगळं मर्यादेत होतं. आठवडाभर लावा, त्यात एक रविवार असू द्या.

आकडे असे आले. दिवसा व्होल्टेजचं एकूण हार्मोनिक विरूपण ६ टक्क्यांच्या आसपास, त्यात सातवं हार्मोनिक ३ टक्के. रात्री एकनंतर एकूण १३ ते १४ टक्के आणि त्यात एकटं सातवं ११ ते १२ टक्के. आयईईई ५१९ या मानकामध्ये एक किलोव्होल्टपर्यंतच्या बससाठी एकूण ८ टक्के आणि एकेका हार्मोनिकला ५ टक्के अशी मर्यादा आहे. आमचं सातवं हार्मोनिक रात्री त्याच्या दुप्पट होतं.

आणि तो उंचवटा एका ठरावीक परिस्थितीतच येत होता: एपीएफसीने ४७५ केव्हीएआर (कपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक) घातलेले असतात तेव्हा. ४२५ वर कमी, ५२५ वर कमी, ४७५-५०० ला शिखर.

हिशोब, कागदावर करता येईल असा

सहा-पल्स रेक्टिफायर पाचवं, सातवं, अकरावं, तेरावं अशी हार्मोनिक करंट बसवर टाकतो. त्याचा तो स्वभावच आहे. प्रश्न त्या करंटला बसवर काय भेटतं हा असतो. एका बाजूला ट्रान्सफॉर्मर म्हणजे इंडक्टन्स, दुसऱ्या बाजूला एपीएफसी म्हणजे कपॅसिटन्स. दोघे मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला रेझोनन्स करतात, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीची लहर फुगवतात. ती फ्रिक्वेन्सी कितव्या हार्मोनिकवर पडते हे काढायला सूत्र सोपं आहे: बसची फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किट झालं तर बसवर किती केव्हीए येऊ शकतात ते) केव्हीएमध्ये घ्या, तिला बसवर लागलेल्या केव्हीएआरने भागा, वर्गमूळ काढा.

आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर इम्पिडन्स ६.२५ टक्के आहे. १६०० ला ०.०६२५ ने भागलं की २५,६०० केव्हीए. महावितरणच्या लाइनचा इम्पिडन्स धरला की प्रत्यक्षात सुमारे २३,५०० उरतात.

रात्री कपॅसिटर ४७५: २३,५०० भागिले ४७५ म्हणजे ४९.५, वर्गमूळ ७.०३. बरोब्बर सातव्यावर.

दिवसा कपॅसिटर ६५०: वर्गमूळ ६.०. पाचवं आणि सातवं यांच्या मधोमध, आणि सहावं हार्मोनिक सहा-पल्स ब्रिज तयार करत नाही. म्हणून दिवसा शांतता. शिवाय दिवसा मोटारी आणि इतर लोड चालू असल्याने रेझोनन्सला ब्रेक लागतो. रात्री तो ब्रेकही निघून जातो.

हा कागद बघून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. चार फ्यूज, दोन थायरिस्टर, एक कार्ड, आणि उत्तर नेमप्लेटवर लिहिलेलं होतं.

मग हे जूनपासूनच का सुरू झालं? त्याआधी कित्येक वर्षं एपीएफसीच्या चार स्टेप बंद पडलेल्या होत्या. कपॅसिटर फुगलेले, कॉन्टॅक्टर चिकटलेले. त्यामुळे रात्री पॅनेल ४०० च्या वर जातच नव्हतं. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर (नुसत्या युनिटवर नाही, पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या विजेवर) बिल येतं, त्यामुळे पॉवर फॅक्टर थोडा जरी घसरला तरी तो थेट बिलात दिसतो. बिल बघून आम्ही जूनमध्ये त्या चारही स्टेप दुरुस्त केल्या, रिलेचं टार्गेट ०.९९ केलं. काम नीट केलं, पण रेझोनन्सचा हिशोब केला नाही. रात्री एकट्या रेक्टिफायरला सुमारे ४४५ केव्हीएआर लागतात, वर दोन पंप. रिलेने इमानदारीने ४७५ घातले आणि बस सातव्यावर नेऊन ठेवली.

रेझोनन्सने थायरिस्टरचा फ्यूज कसा उडतो

इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण मलाही सुरुवातीला दुवा लागत नव्हता. व्होल्टेज खराब झालं म्हणून फ्यूज का उडावा?

पल्स कार्ड थायरिस्टर कधी पेटवायचा हे बसच्या व्होल्टेजचा शून्यबिंदू बघून ठरवतं. त्यासाठी छोटा सिंक ट्रान्सफॉर्मर असतो. शून्यबिंदूपासून मोजून इतक्या अंशांवर पल्स दे, असा तो खेळ. आता सातवं हार्मोनिक १२ टक्केच असलं तरी ते मूळ लहरीपेक्षा सात पट वेगाने चढ-उतार करतं. म्हणजे शून्याजवळ त्याचा उतार मूळ लहरीच्या ८४ टक्के होतो. लहर शून्यातून सरळ जाण्याऐवजी जवळजवळ आडवी होते. त्यात रेक्टिफायरच्या स्वतःच्या कम्युटेशनच्या (करंट एका थायरिस्टरवरून दुसऱ्यावर जातानाच्या) खाचा पडतात, आणि रात्री बसचं व्होल्टेज चढलेलं असल्याने फायरिंग अँगल वाढून त्या अधिक खोल होतात. सिंक ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर आयसोलेटेड प्रोबने स्कोप लावला तेव्हा रात्री दोन वाजता जे दिसलं ते विसरणार नाही: एका मिलिसेकंदाच्या आत लहर शून्याची रेघ तीनदा ओलांडत होती. कार्डाला यांतला खरा शून्यबिंदू कोणता हे कळणार कसं? बहुतेक वेळा ते सावरून घेत होतं. कधीतरी चुकत होतं आणि एखादा थायरिस्टर वेळेआधी पेटत होता.

वेळेआधी पेटला म्हणजे त्या एका पल्सपुरतं डीसी व्होल्टेज वर उडी मारतं. साध्या हीटरवर अशी उडी पडली असती तर काही बिघडलं नसतं. इलेक्ट्रोलायझर मात्र हीटरसारखा वागत नाही, तो बॅटरीसारखा वागतो. आमच्या स्टॅकला १६० व्होल्टच्या आसपास जेमतेम करंट सुरू होतो आणि २०० ला २४०० अँपिअर. म्हणजे मधल्या फक्त चाळीस व्होल्टमध्ये सगळा करंट. हिशोबाने रोध १७ मिलिओहमच्या जवळ. त्यावर पन्नास व्होल्टची उडी पडली तर करंट आणखी तीन हजार अँपिअरकडे धावतो. डीसी चोक आणि ट्रान्सफॉर्मर त्याला आवर घालतात, तरी झटका मोठाच. वर पॅरलल दोन थायरिस्टरपैकी जो क्षणभर आधी पेटतो तो जास्त करंट ओढतो, आणि त्याचा फ्यूज जातो.

मग रोज रात्री का नाही उडत? फास्ट फ्यूजच्या आत चांदीची पट्टी असते, तिला अरुंद गळे असतात, भोवती वाळू. प्रत्येक झटक्याला ते गळे तापतात, ताणले जातात, पुन्हा थंड होतात. धातू थकत जातो. आठ-दहा रात्रींचे झटके खाऊन एखादा फ्यूज सुटतो. म्हणून फ्यूज बदलताना त्याच्या पॅरलल जोडीदाराचाही बदला. त्याने तेवढेच झटके खाल्लेले असतात आणि ते मीटरवर दिसत नाहीत.

त्याच रात्री केलेला उपाय

पहिला विचार एपीएफसी पूर्ण बंद ठेवण्याचा होता. पण मग रात्री पॉवर फॅक्टर ०.७५ च्या आसपास येतो आणि ५०० किलोवॅटच्या लोडवर दर तासाला दीडशेहून जास्त केव्हीएएच जादा मोजावे लागतात. व्यवस्थापन ते मान्य करणार नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं.

म्हणून दुसरा मार्ग घेतला. रात्री एक ते सहा रिले ऑटोवरून काढून कपॅसिटर ३५० केव्हीएआरवर फिक्स केले. २३,५०० भागिले ३५०, वर्गमूळ ८.२. सातव्याच्या पुढे आणि अकराव्यापासून लांब. पॉवर फॅक्टर ०.९७ राहतो, तासाला फक्त पंधरा-एक केव्हीएएच जादा. सातवं हार्मोनिक त्याच रात्री चार टक्क्यांखाली आलं. दीड वाजता मी आणि काका पुन्हा यार्डात गेलो. ट्रान्सफॉर्मर दिवसासारखाच गुणगुणत होता.

तुम्ही हे करणार असाल तर आपल्या बसचे आकडे घालून पाचवं, सातवं, अकरावं, तेरावं या चारही हार्मोनिकसाठी कोणते केव्हीएआर धोक्याचे आहेत याची यादी काढा आणि एपीएफसी पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा. आमच्या बसवर पाचव्यासाठी ९४०, सातव्यासाठी ४८०, अकराव्यासाठी १९५, तेराव्यासाठी १४०. एपीएफसी वाढवण्याचा विचार कधी झाला तर ९४० चा आकडा आम्हाला आता आधीच माहीत आहे.

कायमचा उपाय

दोन कामं केली.

एक, एपीएफसीच्या सगळ्या स्टेपना ७ टक्क्यांचे डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर. यामुळे प्रत्येक स्टेप १८९ हर्ट्झला ट्यून होते. त्याच्या वरच्या सगळ्या फ्रिक्वेन्सीला ती कपॅसिटर न राहता इंडक्टरसारखी वागते, म्हणून पाचव्या किंवा त्यावरच्या कोणत्याही हार्मोनिकशी रेझोनन्स होऊच शकत नाही, कितीही स्टेप लागल्या तरी. मात्र जुन्या कपॅसिटरला नुसता रिअ‍ॅक्टर जोडू नका. रिअ‍ॅक्टरमुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्क्यांनी वाढतं. बसवर ४१५ असेल तर कपॅसिटरवर ४४६, आणि आमच्यासारखं रात्री ४३५ असेल तर ४६८. ४४० व्होल्टचे कपॅसिटर यात टिकणार नाहीत. आम्ही ५२५ व्होल्टचे घेतले. त्यांच्या पाटीवरचे केव्हीएआर ५२५ ला असतात, ४१५ ला रिअ‍ॅक्टर धरूनही साधारण दोन तृतीयांशच मिळतात. खरेदी करताना हे न बघितल्यामुळे नवं पॅनेल अपुरं पडलेलं मी एका ठिकाणी पाहिलं आहे. रिअ‍ॅक्टर तापतात, त्यामुळे पॅनेलला पंखे आणि मोकळी जागाही द्यावी लागते.

दोन, सिंक सिग्नलला चांगला फिल्टर. आमच्या कार्डावर तो नाममात्र होता. साधा आरसी फिल्टर ३० अंशांचा (म्हणजे लहर तेवढी मागे सरकवणारा) असेल तर तो सातवं हार्मोनिक मूळ लहरीच्या तुलनेत साडेतीन पटींनी दाबतो, ६० अंशांचा असेल तर सहा पटींनी. पुरवठादाराने ६० अंशांचा फिल्टर आणि त्याप्रमाणे सिंकची जोडणी बदलून दिली. हे घरच्या घरी करू नका. फेज शिफ्ट चुकली तर सगळेच आर्म चुकीच्या कोनात पेटतील. बदलानंतर कमी करंटवर चालवून सहाही पल्सची ६० अंशांची अंतरं स्कोपवर तपासून घ्या.

फक्त दुसरं काम केलं असतं तर फ्यूज उडणं कदाचित थांबलं असतं, पण कपॅसिटर जळत राहिले असते. रात्री त्यांच्यातून ६६० ऐवजी ८३० अँपिअर जात होते.

तुमची लक्षणं वेगळी असतील तर

फ्यूज भर लोडवर दुपारी जात असेल आणि त्याच्या टोकाला बसबार काळपट झाली असेल तर आधी जॉइंट बघा. थर्मल कॅमेऱ्याने लोडवर फोटो काढा. शेजारच्या फ्यूजपेक्षा एक टोक वीस-तीस अंशांनी गरम दिसलं तर फ्यूज करंटने नाही, बाहेरून आलेल्या उष्णतेने जातोय.

पॅरलल थायरिस्टरमध्ये करंटची वाटणी बिघडली असेल तर एकाच आर्ममधला तोच एक फ्यूज वारंवार जाईल. दोघांवर क्लॅम्प लावून बघा. एक थायरिस्टर बदलताना दुसऱ्याशी फॉरवर्ड व्होल्टेज जुळतं का ते न बघता लावला की हे होतं.

वॉटर-कूल्ड रेक्टिफायर असेल आणि ट्रिप अर्थ फॉल्टची असेल तर डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याची कंडक्टिव्हिटी आणि होजच्या निपलवरचा हिरवा थर बघा. लायची गळती इन्सुलेटरवर वाळून पांढरी पडलेली असते, तीही अर्थ फॉल्ट देते.

बारा-पल्स रेक्टिफायर असेल तर पाचवं-सातवं एकमेकांत रद्द होतात, पण दोन्ही ब्रिज सारखा करंट घेत असतील तरच. एका ब्रिजचा फ्यूज जाऊन मशीन अर्ध्यावर चालवलं की ते पुन्हा सहा-पल्सच झालं. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन २०२३ मध्ये मंजूर झाल्यापासून मेगावॅटचे रेक्टिफायर येऊ लागलेत. तिथे बसवर कपॅसिटर किंवा फिल्टर असतील तर एकेक ट्रेन (रेक्टिफायर आणि स्टॅकचा एक संच) बंद-चालू होताना रेझोनन्स कुठून कुठे सरकतो हा हिशोब प्लांट सुरू व्हायच्या आधी मागून घ्या.

पॅनेल उघडण्याआधी

एसी ब्रेकर काढला म्हणजे डीसी बसबार मेली असं समजू नका. आमच्या स्टॅकवर ट्रिपनंतर पंधरा मिनिटांनीही सव्वाशे व्होल्ट उरलेले असतात, आणि मागे अख्खा स्टॅक करंट द्यायला बसलेला असतो. डीसी आयसोलेटर उघडा, दोन्ही बाजूंना मीटर लावून बघा, मगच फ्यूजला पाना लावा. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. आमच्या एका वायरमन दादाचा पाना दोन बसबारमध्ये टेकला होता. त्याला काही झालं नाही, पण पान्याचं टोक वितळून गोल झालं. तो पाना आम्ही रेक्टिफायर रूमच्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवलाय. एपीएफसीचे कपॅसिटरही ब्रेकर काढल्यावर पाच मिनिटं थांबून, डिस्चार्ज तपासूनच हाताळा.

रिअ‍ॅक्टर बसवल्यानंतर एक काम कायमचं मागे लागतं. दर सहा महिन्यांनी प्रत्येक स्टेपचा तिन्ही फेजचा करंट मोजून लिहून ठेवा. कपॅसिटर म्हातारे होतात, त्यांचा कपॅसिटन्स घटतो. एखाद्या स्टेपचा कपॅसिटन्स तीस टक्क्यांनी घटला तर तिची ट्यूनिंग १८९ वरून २२५ हर्ट्झच्या पुढे सरकते, आणि २५० ला पाचवं हार्मोनिक आहे. ज्या स्टेपचा करंट पहिल्या दिवसापेक्षा दहा टक्क्यांनी कमी झाला ती आम्ही सरळ बाहेर काढतो.